गिट म्हणतं, लॉगमध्ये लिहिता येत नाही

गिट म्हणजे फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम. त्याचं मार्चमधल्या एका सोमवारी सुरू झालेलं हे लचांड एप्रिल उजाडेपर्यंत चाललं. त्या काळात उत्तर शोधताना जे सापडलं ते बहुतेक 'ही कमांड मारा, होऊन जाईल' या थाटातलं होतं. का होईल आणि झाल्यावर दुसरं काय हातचं जाईल, याबद्दल अवाक्षर नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने सगळं लिहून ठेवतेय. कमांड, फाइलींची नावं आणि एरर मेसेज इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमनमध्ये.

आमची मांडणी अशी : मुख्य रेपो (प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचा इतिहास यांचा साठा) केंद्रीय सर्व्हरवर. त्याचा एक क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, टीमच्या सामायिक लिनक्स मशीनवर असतो आणि तिथून रोजचे अहवाल तयार होतात. सेटिंगमध्ये काही बदललं की कमिटही (बदलाची इतिहासात पक्की नोंद) तिथूनच होतं. त्या मशीनवर आम्ही सगळे एकाच सामायिक खात्याने काम करतो. त्याला इथे 'टीम' खातं म्हणू. रूट या सर्वाधिकारी खात्याचे अधिकार फक्त सर्व्हर सांभाळणाऱ्या विभागाकडे.

सोमवारी एक किरकोळ बदल कमिट करायला गेले आणि हे उगवलं :

फेटल: कॅनॉट अपडेट द रेफ 'हेड': अनेबल टू अपेंड टू '.गिट/लॉग्स/हेड': परमिशन डिनाइड

'.गिट' हा रेपोतला फोल्डर, गिट आपली सगळी माहिती त्यात ठेवतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत याच फोल्डरमधून कमिट झाले होते. शेजारच्या सहकाऱ्याने स्क्रीनवरून नजर न हलवता निदान केलं, "अगं, लॉग भरला असेल. जुने उडव."

'लॉग' हा शब्द दिसला की सगळ्यांची धाव आपापल्या प्रोग्रॅमच्या लॉगकडे जाते. आमचीही गेली. अर्धी सकाळ प्रोग्रॅमचा लॉग फोल्डर तपासण्यात, रोटेशन (जुने लॉग बाजूला सारणं) नीट चालतंय का ते बघण्यात आणि डिस्कवरची जागा मोजण्यात गेली. 'डीएफ -एच'ने डिस्क निम्मी रिकामी दाखवली. 'डीएफ -आय'नेही काही वावगं दाखवलं नाही. (ही दुसरी कमांड लक्षात असू द्या. जागा असूनही आयनोड (प्रत्येक फाइलीमागे डिस्कवर लागणारी नोंद) संपले की फाइल तयार होत नाही, आणि तेव्हा गिट असाच त्रागा करतं.) गोंधळ वाढवायला 'गिट लॉग' मात्र सुरळीत चालत होतं. सगळा इतिहास दिसत होता.

'गिट लॉग' आणि '.गिट/लॉग्स' यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हतं. 'गिट लॉग' एका कमिटवरून त्याच्या आधीच्या कमिटवर जात इतिहास दाखवतं आणि ती माहिती '.गिट/ऑब्जेक्ट्स'मधून येते. '.गिट/लॉग्स'मध्ये असतो तो रीफ्लॉग : हेड (आपण सध्या कुठे आहोत ती खूण) आणि प्रत्येक ब्रांच (कामाची वेगळी फांदी) कधी, कुठून कुठे सरकली याची नोंद. साध्या मजकुराची फाइल असते. आमच्या फाइलीची शेवटची ओळ उघडून बघितली तर आधीच्या कमिटचा ४० अक्षरी हॅश (मजकुरावरून काढलेली ओळख), पुढे नव्या कमिटचा ४० अक्षरी हॅश, मग करणाऱ्याचं नाव, कोनी कंसात ईमेल, १९७० च्या सुरुवातीपासून मोजलेले सेकंद, टाइम झोन, एक टॅब आणि शेवटी 'कमिट: तारखेचा फॉरमॅट बदलला'. पहिल्या ओळीत जुन्या हॅशच्या जागी ४० शून्यं असतात, कारण त्याआधी काहीच नसतं.

आता तो एरर मेसेज पुन्हा वाचला. त्यात तीन गोष्टी आहेत : कुठला रेफ (कमिटकडे बोट दाखवणारं नाव) सरकवायचा होता, कुठल्या फाइलीत लिहायचं होतं आणि ऑपरेटिंग सिस्टिमने काय कारण दिलं. आपण सगळे पहिल्या भागावर अडकतो. कामाचा असतो तो शेवटचा तुकडा. 'परमिशन डिनाइड', 'नॉट अ डिरेक्टरी', 'नो स्पेस लेफ्ट', 'फाइलनेम टू लाँग' या प्रत्येकाचं औषध वेगळं आहे आणि नेटवरची उत्तरं सगळ्यांना एकच काढा पाजतात.

'एलएस -एल .गिट/लॉग्स/हेड' मारल्यावर फाइलीचा मालक दिसला : रूट. बदलाची वेळ : रविवार, पहाटे दोननंतर. रविवारी पहाटे आमच्यापैकी कुणीही कामावर नव्हतं.

इथे 'नेमआय -एल' ही कमांड खूप उपयोगी पडली. पूर्ण पाथ दिला की ती मुळापासून शेवटच्या फाइलीपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक, ग्रुप आणि परमिशन एकाखाली एक दाखवते. आमच्याकडे वरपासून 'लॉग्स' फोल्डरपर्यंत सगळं टीम खात्याचं आणि फक्त शेवटची फाइल रूटची. पुढे 'फाइंड .गिट -यूजर रूट' चालवलं तेव्हा यादी लांबलचक निघाली : लॉग्समधल्या जवळपास सगळ्या फाइली, ऑब्जेक्ट्समधले काही फोल्डर, पॅक फाइली (अनेक ऑब्जेक्ट एकत्र बांधलेल्या).

ज्यांचं काम गिट वर्कट्रीमध्ये (एकाच रेपोला जोडलेल्या दुसऱ्या फोल्डरमध्ये) चालतं त्यांच्यासाठी एक जोड. तिथे '.गिट' हा फोल्डर नसतो. ती एक छोटी फाइल असते आणि हेडचा लॉग मुख्य रेपोच्या '.गिट/वर्कट्रीज'खाली असतो. खरी जागा शोधत बसण्यापेक्षा 'गिट रेव्ह-पार्स --गिट-पाथ लॉग्स/हेड' विचारावं, गिट स्वतःच पत्ता सांगतं.

मालक बदलायला रूट लागतो, रूटसाठी तिकीट (सर्व्हर विभागाकडे फॉर्म भरून केलेली विनंती) लागतं आणि तिकिटासाठी साहेबांची मंजुरी. फॉर्ममध्ये 'किती वापरकर्त्यांवर परिणाम', 'पर्यायी मार्ग उपलब्ध आहे का' आणि 'नेमका पाथ' असे रकाने. मी पर्यायी मार्ग 'आहे' असं प्रामाणिकपणे लिहिलं आणि तिकीट आपोआप सर्वांत खालच्या प्राधान्यात जाऊन बसलं. तो रकाना भरताना जरा विचार करा. मार्ग आहे, पण त्याने किती वेळ वाया जातो, हेही तिथेच लिहायला हरकत नसते.

पर्यायी मार्ग म्हणजे मुख्य रेपोचा दुसरा क्लोन आपल्या खात्यात घ्यायचा, तिथे कमिट करून पुश करायचं, म्हणजे मुख्य रेपोत पाठवायचं. काम चालू राहतं. मात्र अडकलेल्या क्लोनमधले पुश न केलेले कमिट आणि स्टॅश (बाजूला ठेवलेले अर्धवट बदल) या नव्या क्लोनमध्ये येत नाहीत, तेव्हा जुना क्लोन उडवायची घाई करू नये.

फसलेल्या कमिटचं काय झालं, ही धाकधूक होतीच. काही गेलं नव्हतं. गिट आधी कमिटचं ऑब्जेक्ट लिहितं, मग रीफ्लॉगमध्ये नोंद करतं आणि त्यानंतर ब्रांच पुढे सरकवतं. नोंद झाली नाही म्हणून ब्रांच सरकली नाही, इतकंच. फाइलींमधले बदल जिथल्या तिथे होते. 'गिट एफएससीके' ही रेपोची तपासणी चालवल्यावर माझे फसलेले प्रयत्न 'डँगलिंग कमिट' (कुठल्याच ब्रांचला न जोडलेले) म्हणून ओळीने उभे दिसले तेव्हा जीव भांड्यात पडला.

तिकिटाची वाट बघताना टीममध्ये सल्ल्यांचा पाऊस पडला. त्यातले तीन सल्ले नेटवर हमखास भेटतात, म्हणून त्यांच्यावर जरा थांबते.

पहिला : 'सीएचमॉड -आर ७७७ .गिट', म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क. पहिली गोष्ट, फाइल रूटची असताना तिची परमिशन आपल्याला बदलताच येत नाही. रूटकडून करून घेतली, तरी '.गिट'मध्ये हुक्स (गिट आपोआप चालवतं त्या स्क्रिप्ट) आणि कॉन्फिग (सेटिंग) असतात. तिथे कुणालाही लिहू देणं म्हणजे आपल्या खात्यातून त्यांचा कोड चालू देणं. आणि एवढं करूनही ते टिकलं नसतं. ते का, हे पुढे कळेल.

दुसरा : '.गिट/लॉग्स' फोल्डरच उडवा, गिट नवा बनवेल. हे खरं आहे, नवा बनतो आणि एरर जातेही. सोबत जातं ते असं : चुकून हार्ड रिसेट केल्यावर (ब्रांच मागे नेऊन बदल टाकून दिल्यावर) किंवा ब्रांच उडवल्यावर मागे जाण्याची सोपी वाट रीफ्लॉगमधूनच असते. ठरावीक सेटिंगनुसार या नोंदी ९० दिवस टिकतात, ब्रांचच्या सध्याच्या टोकावरून पोहोचता न येणाऱ्या कमिटच्या ३० दिवस. त्याहून वाईट म्हणजे स्टॅश. स्टॅशचा रेफ फक्त सर्वांत ताज्या स्टॅशकडे बोट दाखवतो. त्याआधीचे सगळे स्टॅश म्हणजे '.गिट/लॉग्स/रेफ्स/स्टॅश' या फाइलीतल्या ओळी. फाइल गेली की 'गिट स्टॅश लिस्ट' रिकामी. आमच्या त्या क्लोनमध्ये एका सहकारिणीचे बरेच जुने स्टॅश पडून होते. ती म्हणाली, "हात लावून बघा त्या फोल्डरला!" आणि तो विषय संपला.

तिसरा : 'कोअर.लॉगऑलरेफअपडेट्स' बंद करा. ऐकायला सोज्ज्वळ वाटतो. पण त्या सेटिंगने फक्त नव्या लॉग फाइली बनणं थांबतं. जी फाइल आधीपासून आहे तिच्यात गिट लिहीतच राहतं. म्हणजे आमच्या रूटच्या मालकीच्या फाइलींवर त्याचा परिणाम शून्य.

बुधवारी तिकीट 'सुटलं' म्हणून बंद झालं. फॉर्मात मी एररमधला पाथ दिला होता, त्यांनी बरोबर त्याच एका फाइलीचा मालक बदलला. कमिट मारलं. आता 'लॉग्स/रेफ्स/हेड्स/मेन'मध्ये लिहिता येत नव्हतं. तिकीट पुन्हा उघडलं. गुरुवारी ती फाइल सुटली. मग नवीनच :

इनसफिशंट परमिशन फॉर ॲडिंग ॲन ऑब्जेक्ट टू रिपॉझिटरी डेटाबेस .गिट/ऑब्जेक्ट्स

ही तर लहरी निघाली. एक कमिट जायचं, दुसरं अडायचं. सहकारी गमतीने म्हणाला, "कमिट मेसेज बदलून बघ." त्याने बदलला आणि कमिट गेलं! त्यामागे जादू नव्हती. गिट ऑब्जेक्टच्या हॅशची पहिली दोन अक्षरं घेऊन त्या नावाचा फोल्डर करतं, म्हणजे जास्तीत जास्त २५६ फोल्डर. त्यातले काही रूटचे होते. हॅश त्यात पडला की अडलं, बाहेर पडला की गेलं. मेसेज बदलला की हॅश बदलतो, फोल्डर बदलतो. गिटची एरर 'कधी येते, कधी येत नाही' असं कुणी म्हणालं की मी आता पहिल्यांदा या फोल्डरांचे मालक बघते.

या वेळी तिकिटात 'फाइंड'ची अख्खी यादी जोडली. शुक्रवारी उत्तर आलं की एका तिकिटात एकच पाथ घेतात, यादीसाठी वेगळा फॉर्म. तरी त्या माणसाने भलेपणाने ऑब्जेक्ट्सचे फोल्डर त्याच तिकिटात मोकळे करून दिले. लॉग्समधल्या बाकी फाइलींसाठी वेगळा फॉर्म भरला आणि तो रांगेत लागला.

पुढच्या सोमवारी सकाळी '.गिट/लॉग्स/हेड' पुन्हा रूटचं. वेळ पुन्हा रविवार पहाटेची.

खरं सांगते, त्या सकाळी वैताग आलाच, पण थोडं हायसंही वाटलं. योगायोग संपला होता. दर आठवड्याला कुणीतरी येऊन हे करत होतं.

त्याच दिवशी लिनक्समध्ये मुरलेल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून विचारलं, "फोल्डर कुणाचा आहे?"

"टीमचा. फाइल तेवढी रूटची."

"मग रूट कशाला हवाय तुला? फाइल उडवायचा किंवा तिचं नाव बदलायचा हक्क फोल्डरच्या मालकाकडे असतो."

हे पुस्तकात वाचलेलं असतं, सुचत नाही. फाइल रूटची असली तरी वाचता येत होती. म्हणून तिची प्रत काढायची, मूळ फाइलीचं नाव बदलून बाजूला ठेवायची आणि प्रतीला मूळ नाव द्यायचं. प्रत आपली, मजकूर तोच, रीफ्लॉग शाबूत. लॉग्समधल्या फाइलींना एका छोट्या लूपने हे करून घेतलं. त्याआधी 'सीपी -ए'ने अख्ख्या '.गिट'ची प्रत दुसरीकडे ठेवली. ही पायरी कितीही घाई असली तरी सोडू नये. चहा थंड व्हायच्या आत कमिट सुरू झाले. ज्या कामासाठी गेला आठवडा तिकिटांत गेला, त्याला तिकीट लागतच नव्हतं.

एका जागी मात्र हे चाललं नाही. 'लॉग्स/रेफ्स/रिमोट्स/ओरिजिन/रिपोर्ट' हा फोल्डरच रूटचा होता ('ओरिजिन' हे क्लोनमधलं मुख्य रेपोचं नाव), त्यात 'मंथली' आणि 'वीकली' अशा दोन फाइली. फोल्डर दुसऱ्याचा असेल तर आतल्या फाइलींना हात लावता येत नाही. तो रांगेतल्या फॉर्मवर सोडला.

त्याचं फळ बुधवारी मिळालं. एका सहकाऱ्याने मुख्य रेपोमधल्या 'रिपोर्ट/मंथली' आणि 'रिपोर्ट/वीकली' या ब्रांच उडवून दोन्हींचं काम 'रिपोर्ट' या एकाच ब्रांचमध्ये आणलं. आमच्या क्लोनमध्ये 'गिट फेच --प्रून' (मुख्य रेपोतलं नवं आणणं आणि तिथून गेलेल्या ब्रांच इथूनही काढणं) मारल्यावर आधी दोन वॉर्निंग आल्या की लॉग फाइल काढता आली नाही, आणि मग :

कॅनॉट अपडेट द रेफ 'रेफ्स/रिमोट्स/ओरिजिन/रिपोर्ट': देअर आर स्टिल लॉग्स अंडर '.गिट/लॉग्स/रेफ्स/रिमोट्स/ओरिजिन/रिपोर्ट'

गिटच्या नेहमीच्या साठवणीत ब्रांचचं नाव हाच फाइलचा पाथ असतो. नावातली तिरकी रेघ म्हणजे फोल्डर. त्यामुळे 'रिपोर्ट' आणि 'रिपोर्ट/मंथली' या ब्रांच एकत्र नांदू शकत नाहीत. एकाच नावाची फाइल आणि फोल्डर एका जागी राहत नाहीत. जुन्या ब्रांच गेल्या होत्या, पण त्यांचे लॉग रूटच्या फोल्डरात अडकून मागे उरले होते आणि 'रिपोर्ट'च्या लॉगची जागा अडवून बसले होते. असा मेसेज आला तर आधी 'गिट फॉर-ईच-रेफ'ने त्या नावाखाली खरंच एकही ब्रांच जिवंत नाही याची खात्री करावी आणि मग तो लॉग फोल्डर '.गिट'च्या बाहेर हलवावा. डिलीट नंतर केव्हाही करता येतं. 'हेड्स'खालच्या, म्हणजे आपल्या स्थानिक ब्रांचच्या लॉगबाबत तर दुप्पट सावध राहावं. 'रिमोट्स'खालचे गेले तरी फारसं नुकसान नसतं.

जुन्या ब्रांच अजून जिवंत असतील तर मेसेज वेगळा येतो : 'कॅनॉट लॉक रेफ... एक्झिस्ट्स, कॅनॉट क्रिएट'. तिथे बहुतेक वेळा 'गिट रिमोट प्रून ओरिजिन' पुरतं, कारण आपल्या क्लोनला जुन्या ब्रांच गेल्याची खबरच नसते.

माझ्याकडे रूट नव्हता, म्हणून फेच अडलं ते अडलंच. पण आता फॉर्म भरण्याऐवजी सर्व्हर विभागातल्या त्या भल्या माणसाला सरळ फोन लावला. म्हटलं, "सर, रविवारी पहाटे दोनला आमच्या मशीनवर रूटने काय चालतं?"

"काही नाही हो मॅडम. फक्त बॅकअप. गिटला आम्ही हातच लावत नाही."

"बॅकअपची स्क्रिप्ट जरा उघडून बघाल का?"

ते फोनवरच ओळी वाचत गेले. फोल्डरमध्ये जा. 'गिट जीसी'. 'गिट फेच --ऑल'. मग टार, म्हणजे सगळं एका फाइलीत बांधणं. एकदम थांबले आणि म्हणाले, "अरेच्चा, हे नवीन घातलंय. साइज कमी व्हावी म्हणून."

सगळे धागे जुळले. 'गिट जीसी' ही गिटची साफसफाई. ती पॅक तर करतेच, शिवाय जुन्या रीफ्लॉग नोंदी गाळायला 'रीफ्लॉग एक्स्पायर'ही चालवते. ते जुन्या फाइलीत खाडाखोड करत नाही. बाजूला एक लॉक फाइल उघडतं, उरलेल्या ओळी तिच्यात लिहितं आणि शेवटी तिलाच मूळ नाव देतं. म्हणजे फाइल नवी, आणि चालवणारा रूट म्हणून मालकही रूट. गाळायला एकही नोंद नसली तरी फाइल नव्याने लिहिली जाते. ७७७ टिकलं नसतं ते यामुळेच. परमिशन जुन्या फाइलीची होती आणि जुनी फाइल दर रविवारी मोडीत निघत होती. 'फेच'ने आणलेले ऑब्जेक्ट आणि 'रिपोर्ट'चा लॉग फोल्डर रूटने बनवले. पुढच्या रविवारच्या 'जीसी'ने ते रेफ पॅक करून त्यांचे रिकामे फोल्डर काढले, म्हणून ब्रांच तरी उडवता आल्या. लॉग तेवढे तिथेच राहिले.

मला एक शंका उरली होती. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या २.३५.२ पासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या रेपोत काम करायला नकार देतं, 'डुबियस ओनरशिप' (संशयास्पद मालकी) म्हणून थांबतं. रूटला ते कसं थांबलं नाही? त्यांनी रूटचं कॉन्फिग उघडलं. 'सेफ.डिरेक्टरी' समोर तारका. म्हणजे सगळे फोल्डर सुरक्षित माना. स्क्रिप्ट पहिल्यांदा अडली असणार, कुणीतरी मेसेजमध्ये सुचवलेली ओळ जरा सढळ हाताने वापरली आणि राखण करणारं कुलूप काढून ठेवलं. माझ्या मते या सबंध प्रकरणात डोळे उघडे ठेवून बघण्याजोगी जागा ही. तो मेसेज कटकट वाटतो खरा, पण तो येतो तेव्हा विचारायचा प्रश्न 'हा बंद कसा करू' हा नसून 'मी या खात्याने इथे का आलोय' हा असतो.

कारण कळलं म्हणून लगेच दुरुस्ती झाली असं नाही. बॅकअपची स्क्रिप्ट बदलणं म्हणजे 'बदल विनंती'. तिची समिती आठवड्यातून एकदा, गुरुवारी बसते आणि त्या गुरुवारची यादी आधीच बंद झाली होती. आणखी एक रविवार मध्ये जाणार हे उघड होतं. त्या सोमवारी सकाळी प्रतीचा लूप पुन्हा चालवला. सगळ्या टीमला तो पाठवून ठेवला होता, त्यामुळे कुणाचा खोळंबा झाला नाही.

विनंतीत आम्ही दोनच गोष्टी मागितल्या. '.गिट' फोल्डरची मालकी वरपासून खालपर्यंत एकदा टीम खात्याकडे द्यावी, 'सीएचओन -आर' लावून. आणि स्क्रिप्टमधल्या गिटच्या ओळी काढाव्यात, किंवा ठेवायच्याच असतील तर 'सुडो -यू'ने टीम खात्याच्या नावे चालवाव्यात. समितीत विचारलं गेलं की 'गिट बंडल' का वापरत नाही. चांगला प्रश्न होता. बंडलमध्ये सगळ्या ब्रांच आणि टॅग एका फाइलीत येतात, पण रीफ्लॉग येत नाही आणि आम्हाला जुने स्टॅश जपायचे होते. शेवटी गिटच्या ओळी काढल्या, नुसतं टार राहिलं. तारकाही गेली.

ज्यांच्याकडे एका रेपोत प्रत्येक जण स्वतःच्या खात्याने लिहितो, त्यांना मालकी एकाला देऊन भागणार नाही. तिथे सगळ्यांचा एक ग्रुप करायचा, '.गिट'चा ग्रुप तो ठेवायचा, आतल्या फोल्डरांना 'सीएचमॉड जी+एस' लावायचं म्हणजे नव्या फाइली त्याच ग्रुपच्या होतील, आणि 'गिट कॉन्फिग कोअर.शेअर्डरिपॉझिटरी ग्रुप' द्यायचं म्हणजे गिट नव्या फाइलींना ग्रुपची लिहिण्याची परवानगी देईल. जुन्या फाइलींना ती एकदा हाताने द्यावी लागते; सेटिंग मागचं काही बदलत नाही.

या धामधुमीत विंडोजवर काम करणाऱ्या एका सहकाऱ्यालाही 'लॉग्स'चाच पाथ असलेली एरर आली आणि त्याने स्वाभाविकपणे खापर आमच्या सर्व्हरवर फोडलं. त्याच्या मेसेजच्या शेवटी 'फाइलनेम टू लाँग' होतं. विंडोजवर पाथला जुनी २६० अक्षरांची मर्यादा असते आणि 'लॉग्स/रेफ्स/रिमोट्स/ओरिजिन' एवढा मजकूर ब्रांचच्या लांब नावाआधीच खर्च होतो. 'कोअर.लाँगपाथ्स' चालू केल्यावर सुटलं. रेपो डिस्कच्या मुळाशी जवळ ठेवला तरी चालतं. विंडोजवर आणखी दोन खड्डे आहेत. केवळ लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असलेल्या दोन ब्रांच तिथे एकाच फाइलीवर येऊन आदळतात. आणि 'पेक्षा मोठे' किंवा दुहेरी अवतरण अशी चिन्हं गिटला ब्रांचच्या नावात चालतात, पण विंडोजला फाइलच्या नावात चालत नाहीत. लिनक्सवर कुणी हौसेने तसं नाव दिलं की तिकडच्यांचं फेच अडतं.

बदल लागू झाला त्यानंतरच्या सोमवारी 'फाइंड .गिट -यूजर रूट' मारलं, काहीच आलं नाही. 'गिट फेच --प्रून'ने 'रिपोर्ट' ब्रांच आणली. सहकारिणीने आपले स्टॅश मोजून घेतले, सगळे होते, आणि मग त्यातले बहुतेक स्वतःच उडवले. माझे फसलेले डँगलिंग कमिट तसेच ठेवलेत, यथावकाश जीसी त्यांना नेईल. आता तो मात्र आम्हीच चालवतो, टीम खात्याने.

एक काम बाकी आहे. एप्रिल २०२४ च्या २.४५ पासून गिटमध्ये 'रेफटेबल' नावाची साठवण आली आहे. तिच्यात प्रत्येक ब्रांचची आणि लॉगची वेगळी फाइल नसते, सगळं '.गिट/रेफटेबल'मधल्या बायनरी फाइलींत राहतं, त्यामुळे लांब नावांची आणि लहान-मोठ्या अक्षरांची भानगड मिटते. 'रिपोर्ट' आणि 'रिपोर्ट/मंथली' एकत्र मात्र तिथेही चालत नाहीत, आणि मालकी चुकीची असेल तर तेही अडेलच. जुना रेपो बदलायला २.४६ पासून 'गिट रेफ्स मायग्रेट' आहे. प्रतीवर करून बघितलं, नीट झालं. सामायिक मशीनवरचं गिट मात्र त्याहून जुनं आहे, आणि ते बदलायचं म्हणजे पुन्हा बदल विनंती. ती भरून ठेवली आहे.